वॉटर्लूला कोण चाललंय

“वॉटर्लूमध्ये काय आहे? मका आहे. मका आणि डुकरं. आणखी काही असेल तर सांग, आत्ता बॅगा भरतो.”

मी अजून कोटसुद्धा काढला नव्हता. ड्युटीवरून आलेली, बुटांना बर्फाचा चिखल लागलेला, पोटात सकाळपासून एक केळं. आणि दारातच ही सरबत्ती. मुकुंद डायनिंग टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसला होता. भोवती चहाचे उष्टे कप. पहाटे मी निघाले तेव्हा टेबल पुसून निघाले होते.

“माझी नोकरी आहे तिथे,” मी म्हटलं.

“ती इथेही आहे.”

“इथे मी चार जणींतली एक आहे. तिथे मी मुख्य. नवं सेंटर, नवी माणसं, आणि अख्खं माझ्या हाताखाली. अहो, असं बोलावणं पुन्हा येत नसतं.”

तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायचे. आता सांगताना ते अहो माझ्या तोंडून उतरत नाही, म्हणून नुसतं मुकुंद म्हणते.

आम्ही शिकागोजवळ शॉम्बर्गला राहायचो. मी डायलिसिसची नर्स. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांना मशीनला जोडायचं, चार तास त्यांच्यावर नजर ठेवायची, सोडवायचं, की पुढचा पेशंट. आयोवा राज्यात वॉटर्लू नावाचं गाव आहे, तिथे नवीन डायलिसिस सेंटर निघत होतं आणि त्यांनी मला प्रमुख म्हणून बोलावलं होतं. तिथली डॉना नावाची बाई रोज फोन करायची. तिला सोमवारी सकाळी पक्कं उत्तर हवं होतं. हे सगळं चाललं होतं शुक्रवारी.

मुकुंदची नोकरी मंदीत गेली होती. आदल्या उन्हाळ्यात गेली, आता मार्च उजाडला होता. सुरुवातीला तो रोज दाढी करून अर्ज पाठवायचा. मग नुसते अर्ज पाठवायला लागला. मग नुसता लॅपटॉप उघडायला लागला. मला त्याची कीव यायची, हे खरंच सांगते. घरात बसलेल्या पुरुषाला भिंती खायला उठतात, ते मी रोज बघत होते. म्हणून मी वरच्या आवाजात बोलायचं टाळायचे. कप उचलायचे, विसळायचे.

आणि मलाही वॉटर्लूची भीती वाटत होती. तिथे एक मराठी माणूस नाही. आमची केतकी बारा वर्षांची, तिच्या मैत्रिणी इथे. मीही अर्धी नकाराकडेच झुकले होते. मुकुंदने त्या शुक्रवारी नुसतं ‘मला भीती वाटते’ असं म्हटलं असतं तर मी डॉनाला नाही सांगून मोकळी झाले असते.

पण तो म्हणाला, “बायकोच्या नोकरीमागे गाव सोडायचं? लोक काय म्हणतील?”

“कोण लोक?”

“कोण म्हणजे? दामले आहेत. गुंजीकर आहेत. महाराष्ट्र मंडळ आहे. पुण्याला दादा आहे, आई आहे.”

“पुण्याहून शॉम्बर्गला कुणाच्या नोकरीमागे आलो आपण?”

तो लॅपटॉपकडे वळला. कारण ते उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. माझे वडील मिरजेला एका दवाखान्यात ड्रेसर होते. लोकांच्या जखमा धुऊन त्यांनी मला नर्सिंगला घातलं. इकडची परीक्षा मी दिली, व्हिसा माझ्या नर्सिंगवर आला, तेव्हा कुठे पुण्याच्या पाटणकरांकडून मला सांगून आलं. मुलगी नर्स आहे हा घास मुकुंदच्या आईंनी गिळला तो त्या व्हिसाच्या घोटाबरोबर. इकडे येताना विमानात मुकुंद शेजारच्या गृहस्थांना म्हणाला, “मी सॉफ्टवेअरमध्ये. मिसेस सोबत येतायत.” तेव्हा तो कॉम्प्युटरचा एक क्लास केलेला बी.कॉम. होता. मला तेव्हा हसू आलं होतं. नवा नवरा, नवं विमान. हसू नाही येणार तर काय.

मंडळातही तेच. “मिसेस मेडिकल लाइनला आहेत.” नर्स हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. जसं काही मी दारूचा गुत्ता चालवते.

शुक्रवार असा गेला. संध्याकाळी मुकुंद गाडी घेऊन बाहेर पडला. “दामल्यांकडे जाऊन येतो” म्हणाला. मी कपडे घड्या करत बसले.

शनिवारी सकाळी त्याने स्वतः चहा केला. दोन कप. माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “जाऊ या.”

“कुठे?”

“वॉटर्लूला. विचार केला मी. तू एवढं म्हणतेस तर जाऊ या. तुझ्यासाठी.”

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. मी त्याचा हात धरला. दुपारी त्याच्या आवडीचं भरलं वांगं केलं, वर ताक. तो मिटक्या मारत जेवला. आज ते वांगं आठवलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

जेवता जेवता म्हणाला, “दामल्यांनी उद्या दुपारी बोलावलंय. निरोपाचं. सगळे येतायत.”

“अहो, मी अजून डॉनाला कळवलंसुद्धा नाही! निरोप कसला?”

“कळवशीलच की सोमवारी. लोकांना पुढचा रविवार जमत नाही. आणि साडी नेस हां, चांगली. ते निळं ढगळं काहीतरी नको.”

निळं ढगळं म्हणजे माझा ड्युटीचा ड्रेस. तो घालून मी दामल्यांकडे कधी गेले होते, कोण जाणे.

रविवारी मी मोरपंखी नारायणपेठ नेसले. दामल्यांचं घर मोठं, त्यांच्या तळघरात मंडळाचे सगळे कार्यक्रम व्हायचे. एका कोपऱ्यात गणपतीचं मखर प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेलं असायचं, भिंतीला टेकून घडीच्या खुर्च्या. आम्ही पायऱ्या उतरतोय तोच गुंजीकर ओरडले, “या, या! काय पाटणकर, जगाच्या पाठीवर दुसरं गाव मिळालं नाही? नेपोलियनची वाट लागली तिथे निघालात ते!”

“ते वेगळं वॉटर्लू हो,” दुसरं कोणी म्हणालं.

“लागायची वाट तर कुठेही लागते!” सगळे हसले. मुकुंदही हसला. किती दिवसांनी त्याला असं चारचौघांत हसताना बघत होते. मला बरं वाटलं.

बटाटेवडे झाले. मग माधव दामले मध्ये उभे राहिले. मंडळाचे अध्यक्ष, बोलायची हौस दांडगी. त्यांच्या हातात शाल आणि नारळ. मला वाटलं, अरे बापरे, माझा सत्कार! मी पदर सारखा केला, हातातली बशी खाली ठेवली. एवढी मूर्ख मी.

“मित्रहो,” दामले म्हणाले, “मंदीने भल्याभल्यांना लोळवलं. पण आपले मुकुंदराव खचले नाहीत. आज वॉटर्लूच्या एका नामांकित कंपनीत ते डायरेक्टर म्हणून रुजू होतायत. आपल्या मंडळाच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे. इंदूवहिनींनी त्यांना या काळात साथ दिली, त्यांचंही कौतुक. मुकुंदराव, या पुढे.”

टाळ्या. मुकुंद पुढे गेला. मान लववली. शाल अंगावर आली, नारळ हातात आला, फोटो निघाला. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

मला वाटलं, दामल्यांना याने फसवलं. बिचारे दामले. याने काहीतरी थाप मारली आणि ती त्यांनी खरी मानली. मी मनाशी म्हटलं, घरी जाऊन बघते याच्याकडे. लोकांच्या घरात तमाशा नको. मीही किती वर्षं तीच शिस्त पाळत आले होते.

बायकांनी मला ओटी भरायला आतल्या खोलीत नेलं. वसुधावहिनींनी, म्हणजे दामल्यांच्या बायकोने, कुंकू लावलं, पदरात तांदूळ घातले, खण ठेवला. “चला,” त्या म्हणाल्या, “आता तरी आराम कर हो. पुरे झाली ती उरस्फोड.”

केतकी दाराशी चकली खात उभी होती. गुंजीकरांच्या बायकोने तिला जवळ ओढलं. “काय गं, बाबा तर डायरेक्टर झाले. आई काय करणार तिकडे?”

केतकी पाढे म्हणावेत तशी म्हणाली, “आई घरीच असेल. आधी पण ती हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर करायची. हौस म्हणून.”

माझ्या पदरातले तांदूळ सांडले.

मी तिच्यासमोर खाली बसले. “केतकी, हे तुला कोणी सांगितलं?”

तिने चकली पाठीमागे लपवली. “बाबांनी. काल स्विमिंगला जाताना. दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. तू रागावू नकोस ना. बाबा म्हणाले, सगळ्यांना असंच सांगायचं असतं.”

हौस म्हणून. रोज पहाटे उठून, बर्फ खरवडून, गाडी गरम करून जाते ती हौस म्हणून. पेशंटचं रक्त अंगावर उडतं, म्हातारी माणसं मशीनवर बसल्या बसल्या थंडगार पडतात, त्यांना शुद्धीवर आणते ती हौस म्हणून. नवऱ्याने आपल्यामागे लोकांना काय सांगावं हा एक भाग. पण माझ्या पोरीच्या तोंडून, माझ्याबद्दल, घोकून घेऊन!

मी उभी राहिले. “वसुधावहिनी, तुमच्या सासूबाईंना सुया कोण टोचायचं?”

त्यांचा हात हळदीकुंकवाच्या करंड्यावर थांबला. दामल्यांच्या आई दोन वर्षं माझ्याच सेंटरला यायच्या. ‘मिरजेची माझी लेक’ म्हणायच्या मला. दुसऱ्या कोणाला सुईला हात लावू द्यायच्या नाहीत. स्वतः माधव दामले त्यांना सोडायला यायचे.

“सांगा ना. व्हॉलंटियर टोचायची का?”

वसुधावहिनींनी दार लोटलं. गुंजीकरांच्या बायकोने केतकीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

“इंदू, हळू बोल,” वसुधावहिनी म्हणाल्या. “सगळ्यांना माहीत आहे गं.”

“काय माहीत आहे?”

“सगळंच. नोकरी तुझी आहे ते. मुकुंदभाऊजी शुक्रवारी आले होते आमच्याकडे. याच तळघरात बसून रडले. म्हणाले, बायकोच्या मागे कसा जाऊ, तोंड कसं दाखवू, नाहीच जात मी. मग आमचे हे म्हणाले, अरे, त्यात काय एवढं, डायरेक्टर म्हणून सांग. वॉटर्लूला कोण बघायला येतंय? आपण सत्कार करू, म्हणजे कोणी काही विचारणारच नाही. तेव्हा कुठे तयार झाले ते.” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “तुझंच काम केलंय आम्ही. नाहीतर निघाला असता का तो माणूस?”

“म्हणजे बाहेर टाळ्या वाजवणारे…”

“सगळ्यांना माहीत आहे. मंडळात काय लपतं? पण चारचौघांत पुरुषाची मान खाली नको जायला. तू समजूतदार आहेस. तुझं काय जातंय यात?”

गुंजीकरांची बायको म्हणाली, “खरंच, तुझं काय जातंय?”

त्या दोघी वाईट नव्हत्या. हेच मला आजही सहन होत नाही. त्यांच्या डोळ्यांत माया होती. ताप आलेल्याच्या कपाळावर हात ठेवावा तशा बघत होत्या माझ्याकडे. त्यांनी माझी नोकरी, माझं नाव, माझ्या बापाची पुण्याई एका शालीत गुंडाळून दुसऱ्याला देऊन टाकली होती, आणि वर माझीच ओटी भरत होत्या.

मी दार उघडून बाहेर गेले. पदर तसाच खोचलेला, आत खण, तांदूळ गळत होते. गुंजीकर काही विनोद सांगत होते. मी म्हटलं, “दामलेभाऊजी, भाषणात एक राहिलं.”

सगळे वळले. मुकुंद मात्र हातातल्या नारळाकडे बघत राहिला.

“वॉटर्लूला नोकरी मला लागली आहे. मुकुंदना नाही. मी नर्स आहे. मिरजेच्या ड्रेसरची मुलगी आणि नर्स. डायलिसिस सेंटरची मुख्य म्हणून चालले आहे. भाऊजी, तुमच्या आई माझ्याकडे येत होत्या, तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवून माझ्या हाती सोपवून ऑफिसला जायचात. तेव्हा मी नर्स चालत होते. सत्काराला चालत नाही का?”

कोणी तरी खोकलं.

“वहिनी,” दामले म्हणाले, “अहो, प्रसंग काय, तुम्ही बोलताय काय.”

“प्रसंग माझाच आहे.”

“बसा, बसा. चहा आणा रे कोणी तरी,” मागून आवाज आला.

मला वाटलं होतं, एक तरी मान खाली जाईल. एकही गेली नाही. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जशी काही मी अंगावर कपडे न घालता पायऱ्या उतरून आले होते. खोटं बोलणाऱ्याकडे त्या तळघरात कोणी तसं बघितलं नव्हतं. मुकुंदने शाल अंगावरून काढली, तिची नीट घडी घातली, कडा जुळवल्या, आणि ती घडी मांडीवर ठेवून बसला.

गाडीत तो एवढंच बोलला. “झालं समाधान?”

मागून केतकी म्हणाली, “आई, मी खोटं बोलले का?”

“तुला बोलायला लावलं.”

“मग ते वाईट माझं की बाबांचं?”

मुकुंदने रेडिओ लावला.

सोमवारी सकाळी मी सुट्टी घेतली. केतकी दूध-कॉर्नफ्लेक्स घेऊन बसली होती. मी फोन मुकुंदसमोर ठेवला. “डॉनाला नंतर करते. आधी तुम्ही पुण्याला करा. दादांना.”

“कशाला?”

“सांगा त्यांना. नोकरी इंदूला लागली आहे, ती नर्स आहे, आपण तिच्यासाठी जातोय. एवढंच. दामल्यांना मी सांगितलं, दादांना तुम्ही सांगा. फोन स्पीकरवर ठेवा. एवढं केलंत की कालचं मी पुन्हा काढणार नाही. तिघं जाऊ.”

“आणि नाही केलं तर?”

“करा आधी.”

त्याने बराच वेळ फोनकडे बघितलं. मग लावला. मला वाटतं त्याला खरंच सांगायचं होतं. पुण्यात संध्याकाळ झाली असेल. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि दादांचा खणखणीत आवाज.

“काय डायरेक्टरसाहेब! आठवण झाली का गरिबांची?”

म्हणजे पुण्यालाही शनिवारीच कळवून झालं होतं. मी भरलं वांगं करत होते तेव्हा.

“दादा, जरा ऐक ना…”

“अरे तू ऐक. आईने काल पेढे आणवले. देवापुढे ठेवले, मग अख्ख्या सोसायटीत वाटत फिरली, गुडघे दुखतायत तरी. म्हणाली, माझा मुकुंदा पुन्हा उभा राहिला. बरं, तू सांग. काय म्हणत होतास?”

मुकुंदने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बोला. तो तोंड उघडून बसला. केतकीचा चमचा वाडग्यात थांबला होता.

“अरे, आहेस ना लाइनवर?”

“हो दादा.”

“मग? काय सांगत होतास?”

“काही नाही,” मुकुंद म्हणाला. “तिकडे थंडी फार आहे म्हणतात.”

“असेल, असेल. कोट घे चांगला. पोझिशनला शोभेलसा.”

फोन बंद झाला. मी तो उचलला आणि डॉनाचा नंबर लावला. तिने पहिल्या घंटीला घेतला. मी म्हटलं, मी येते आहे. ती आनंदाने किंचाळलीच. मग म्हणाली, गावात घर शोधायला ती मदत करेल, माणसं किती?

“दोन,” मी म्हटलं. “मी आणि माझी मुलगी.”

फोन ठेवला. मुकुंद खुर्चीत तसाच होता.

“आणि मी?” त्याने विचारलं.

“तुम्ही डायरेक्टर आहात,” मी म्हटलं. “तुमची सोय कंपनी करेल.”